नावानिशी गाऱ्हाणं

१९६३ सालच्या दिवाळीच्या सुट्टीत पुण्याच्या एका निवृत्त हेडमास्तरांनी मालवणच्या फौजदारांकडे तक्रार नेली. बंदरावरच्या एका एजंटानं त्यांच्या मूळव्याधीची जाहीर वाच्यता केली, असं तक्रारीचं स्वरूप होतं. वाच्यता देवापुढे केली होती. पण त्या वेळी होडीत इतर प्रवासी होते आणि त्यांत हेडमास्तरांच्या विहीणबाई होत्या.

फौजदारांनी एजंटाला बोलावून घेतलं. एजंट म्हणाले, "खोटा काय सांगलंय? मूळव्याध नसात तर तसा सांगा. देवाक परत सांगून दुरुस्ती करून घेतंय."

हेडमास्तर गप्प बसले. बसले म्हणजे उभेच होते. तक्रार नोंदली गेली नाही.

एजंटाचं नाव तातू आचरेकर. मी तेव्हा मुंबईच्या एका दैनिकाचा मालवणचा बातमीदार होतो आणि माझी खोली त्यांच्या ऑफिसच्या माडीवर होती. ऑफिस म्हणजे बंदराकडे तोंड करून असलेला एक गाळा, एक टेबल, एक बाक आणि वर पाटी : 'आचरेकर आणि सन्स, पॅसेंजर एजंट'. त्यातलं 'सन्स' हे अनेकवचन आशेवर लिहिलेलं होतं. मुलगा एकच, भास्कर, आणि तो मुंबईला गिरणीत होता. बायको वारलेली. तातू गाळ्याच्या मागच्या खोलीत राहत, स्वतः भात शिजवत आणि आमटी शेजारून घेत.

अंगानं किरकोळ, डोक्यावर काळी टोपी, धोतर गुडघ्याच्या जरा खाली आणि वर कोट. कोट एजंटपणाची खूण म्हणून बारा महिने अंगात असे. मालवणच्या उन्हाळ्यात कोट घालणारे दोघेच, तातू आणि मुन्सफ. आणि मुन्सफांच्या डोक्यावर पंखा होता.

तातूंचा मूळ धंदा स्टीमरचा. पन्नासच्या दशकात मुंबईला जायचं तर स्टीमर. ती बाहेर खोल पाण्यात नांगर टाकून उभी राही आणि माणसं धक्क्यावरून पडावात बसून तिच्यापर्यंत जात. तिकीट तातूंकडे, पडाव तातूंचा, आणि पडाव सुटण्याआधीचं गाऱ्हाणंही तातूंचं.

गाऱ्हाणं म्हणजे आमच्याकडची देवाशी बोलण्याची रीत. एकानं हात जोडून मोठ्यानं मागणं मांडायचं आणि दर वाक्याला बाकीच्यांनी 'व्हय म्हाराजा' म्हणून दुजोरा द्यायचा. लग्न असो, नवी विहीर असो, बैल आजारी असो, गाऱ्हाणं होतंच. त्यात आडपडदा नसतो, कारण ऐकणारे सगळे घरचेच. कुणाचा नवरा पितो, कुणाची गाय आटली, हे देवाच्या आधी गावाला ठाऊक असतं.

तातूंचं वैशिष्ट्य एवढंच की ते पडावातल्या एकेका माणसाचं नाव घेत. "बा देवा रामेश्वरा म्हाराजा! ह्यो कट्टा गावचो गोविंद. मुंबैक नोकरी बघूक जाता. आदी दोनदा जावन परत इलो."

"व्हय म्हाराजा!"

"ह्या टायमाक तरी तेका टिकव रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" यात गोविंदाचा आवाज सगळ्यांत मोठा असे.

दुजोरा देणाऱ्यांत पुढे असे तो पडाव चालवणारा तांडेल पावलू. पावलू ख्रिश्चन. तो आधी छातीवर क्रूस काढी आणि मग 'व्हय म्हाराजा' म्हणे. त्याबद्दल त्याला कुणी विचारलं तर सांगे, "दर्यो एकच आसा न्हय? मगे?"

मी त्या वेळी कागद-पेन्सिल घेऊन धक्क्यावर उभा असे. तालुक्यातल्या अर्ध्या बातम्या मला गाऱ्हाण्यात मिळत. संपादकांना वाटे मालवणचा बातमीदार फार फिरतो.

साठ सालानंतर चित्र पालटलं. महाराष्ट्र राज्य झालं, एस.टी.च्या गाड्या वाढल्या आणि सिंधुदुर्ग किल्ला बघायला लोक येऊ लागले. आधी शाळांच्या सहली, मग मुंबई-पुण्याची कुटुंबं, मग कोल्हापूरकडचे हौशी लोक. किल्ला बेटावर, म्हणजे होडी हवी. मग जेवण हवं, झोपायला जागा हवी, परतीचं तिकीट हवं. बाजारात खाणावळीच्या पाट्या लागल्या. ज्यांच्या घरी पाहुणा आला तर तोंड वाकडं होई, त्यांनी पडव्या सारवून भाड्यानं दिल्या. एस.टी. स्टँडवर वसंता नावाचा एक तरुण एजंट गाडी थांबायच्या आत टपावर चढून लोकांच्या वळकट्या ताब्यात घेई. ज्याची वळकटी त्याच्याकडे, ते गिऱ्हाईक त्याचं.

तातू स्टँडवर जात नसत. "माणूस दर्याक बघूक इलो, तर दर्यार येतलोच," असं त्यांचं म्हणणं. येतही असत काही जण, वसंताच्या हातून सुटलेले.

आणि इथंच तातूंची ती चूक सुरू झाली. चाकरमान्यांसाठी जे करत होते, तेच ते पर्यटकांसाठी करू लागले. फक्त आता माणसं ओळखीची नव्हती. म्हणून ते विचारून घेत.

"नाव?"

"कुलकर्णी."

"खंयचे?"

"पुण्याचे."

"घरात कोण कोण आसत? तब्येत बरी मा? चेडवाचा लगीन झाला?"

कुलकर्णी चमकत. "किल्ल्याला जायला हे कशाला?"

"देवाक पत्तो नको?" तातू शांतपणे म्हणत. "नुसतो 'पुण्याचो पावणो' म्हणून सांगलंय तर देव खंय शोधतलो? पुणा म्हणजे काय वायरी?" वायरी म्हणजे बंदराला लागून असलेलं गाव, तिथं हाक मारली की माणूस सापडतो.

काही लोक उठून जात. काही गंमत म्हणून सांगत आणि सांगता सांगता जास्त सांगून बसत. तातूंसमोर बाकावर बसलेल्या माणसाला बोलावंसं वाटे, हे मी वरून माडीवर बसून अनेकदा ऐकलं आहे. मुंबईच्या एका वकीलबाई किल्ल्याचं तिकीट घ्यायला आल्या आणि सासूविषयी दुपारपर्यंत बोलत राहिल्या. भरती ओसरली, होडी रेतीवर टेकली. तातू म्हणाले, "उद्या जावा. आज मन हलका झाला, ह्या काय कमी?"

हेडमास्तरांनी मूळव्याधीचं आपण होऊन सांगितलं नव्हतं. तातूंनी तीनदा 'बसा' म्हटलं आणि ते तीनदा 'नको' म्हणाले, त्यावरून तातूंनी ओळखलं आणि हळू आवाजात विचारून खात्री करून घेतली. होडीत हेडमास्तरांच्या जागी फळीवर गोणपाटाची चौपदरी घडी घातलेली होती. ही गोष्ट तक्रारीत नव्हती.

कोल्हापूरच्या एका कॉलेजच्या मुलाचं प्रकरण याहून अवघड झालं. तो वडिलांबरोबर आला होता. वडील धक्क्यावर पान खात असताना त्यानं तातूंपाशी मन मोकळं केलं. होडी सुटताना तातूंनी हात जोडले, "बा म्हाराजा, ह्या पोराक गणितात पास कर. तीनदा बसलो, तीनदा गेलो."

"व्हय म्हाराजा!"

वडील म्हणाले, "तीनदा?"

त्यांना एकदाच माहीत होतं. बापलेक किल्ल्यावर गेले आणि दोघांनी दोन वेगवेगळ्या बुरुजांवरून समुद्र पाहिला, असं पावलूनं परत आल्यावर सांगितलं.

नव्या जोडप्यांना तातू फार काही विचारत नसत. "पुढच्या वर्सा तिघा येवा," एवढंच देवामार्फत कळवत. नवरी पदरात तोंड लपवी आणि नवरा, कसं कोण जाणे, 'व्हय म्हाराजा' म्हणून जाई.

१९६४ च्या हंगामाच्या सुरुवातीला मुंबईच्या एका सहल कंपनीचे व्यवस्थापक सबनीस मालवणला आले. खाकी पँट, काळा चष्मा आणि गळ्यात दोरीनं अडकवलेली शिट्टी. कंपनी दर आठवड्याला एक गाडी भरून माणसं आणणार होती. सबनीसांना होड्या, जेवण आणि एकच जबाबदार स्थानिक माणूस हवा होता. वसंता त्यांना फार घाईचा वाटला. तातूंचा कोट बघून ते तातूंकडे आले.

हे काम तातूंना हवं होतं, नव्हे लागणारच होतं. स्टीमरचे उतारू एस.टी.कडे वळत होते. आधीच्या पावसाळ्यात त्यांनी तीन होड्यांपैकी एक विकली होती. कंपनीचं काम मिळालं तर गाळा उघडा राहणार, नाहीतर पाटी उतरवावी लागणार, हे बंदरावर सगळ्यांना ठाऊक होतं. भास्कर मुंबईहून सांगून पाठवत होता, बंद करा आणि इकडे या. तातू त्याला म्हणत, "हंगाम बघतंय."

बोलणी ऑफिसात झाली. होड्या, वेळा, मासे, सोलकढी, सगळं ठरलं. शेवटी सबनीस म्हणाले, "आणखी एक. ते तुमचं गाऱ्हाणं. ऐकलंय मी. आमचं वेळापत्रक असतं, आचरेकर. किल्ला, जेवण, की लगेच गाडी पुढे सावंतवाडीला. चाळीस माणसांची नावं घेत बसलात तर आम्ही मुक्कामाला इथंच."

"मगे काय करूया?"

"एकदाच म्हणा. सगळ्यांसाठी मिळून एक. घाऊक."

तातूंनी टोपी काढून टेबलावर ठेवली. "घाऊक गाऱ्हाणा? मगे देवान पण घाऊकच बघूचा?"

"काय हरकत आहे?"

"वाईट झाला तर किरकोळीत होता, साहेब. घाऊक कोणाक होणा नाय."

पण कबूल झाले. पहिल्या फेरीला त्यांनी शब्द पाळला. धक्क्यावर उभे राहून एका दमात म्हणाले, "बा म्हाराजा, हे सगळे मुंबैचे. सांभाळ." पावलूनं 'व्हय म्हाराजा' म्हटलं, तेही निम्मंच, कारण त्याला वाटलं अजून वाक्य यायचं आहे. होड्या गेल्या. त्या परत येईपर्यंत तातू ऑफिसात आले नाहीत. उन्हात धक्क्यावर कोट घालून उभे होते. होड्या लागल्या तेव्हा उतरणाऱ्या प्रत्येकाकडे पाहून मान हलवत होते.

दुसऱ्या फेरीला ते कंपनीच्या माणसांभोवती घोटाळताना दिसले. चौकशी करायला सबनीसांची बंदी होती. गाडीतल्या जागेचा आकडा मात्र प्रत्येकाच्या छातीवर कागदावर टाचलेला होता. तातूंनी त्यावर मार्ग काढला. "बा म्हाराजा, ह्यो सीट नंबर अकरा. जरा धापा टाकता. ही सीट नंबर बारा, ही तेची बायल आसतली."

"नाही हो!" बारा नंबर ओरडली.

"नाय म्हणता म्हाराजा. जा काय आसात ता सांभाळून घे."

"व्हय म्हाराजा!"

होडीत हशा झाला. सबनीसही हसले. पण घड्याळाकडे बघून त्यांनी शिट्टी वाजवली आणि तातूंना बाजूला घेऊन सांगितलं, पुन्हा नको.

पुढच्या आठवड्यात माणसं जास्त होती आणि त्यांत बरीच म्हातारी होती. आदल्या संध्याकाळी खाणावळीत ताटं वाढण्याच्या निमित्तानं तातूंनी पंगतीत फिरून बरीचशी माहिती गोळा केली होती, हे मागाहून कळलं. सकाळी होड्या भरल्या. तातूंनी हात जोडले आणि नावानिशी सुरुवात केली. एका आजींचे गुडघे झाले, एका गृहस्थांची पेन्शन झाली, एका बाईंचा सैन्यातला मुलगा झाला. त्या बाईंनी डोळ्यांना पदर लावला. तेवढ्यात शिट्टी वाजली.

"बस झालं! होड्या सोडा!"

पावलूनं तातूंकडे पाहिलं. तातू म्हणाले, "सोडू नको. मागची होडी देवाक अजून म्हायत नाय."

"आचरेकर, भरती जाईल."

"जाता तर परत येता. ह्या लोकांचा अर्धा सांगून झाला, अर्धा रवला. असा मधीच सोडलंय तर देवाक काय वाटात? उरलेली माणसां माझी नाय म्हणून?"

"माणसं कंपनीची आहेत."

"दर्यात कंपनी नसता, साहेब."

सबनीस चिडले. उन्हं चढत होती, मागच्या होडीतले लोक कुरकुरत होते, एकजण मोठ्यानं 'ही काय पद्धत' म्हणाला. सबनीसांनी तिथंच, धक्क्यावर, सगळ्यांसमोर सांगितलं की तातूंचं काम आजपासून बंद. वसंताला निरोप गेला. त्याच्या होड्या जवळच होत्या. मागच्या होडीतली माणसं उतरून तिकडे बसली. पुढच्या होडीतल्या म्हाताऱ्या मात्र 'आमचं झालंय' म्हणून पावलूच्याच होडीत राहिल्या.

होड्या एकेक करून सुटू लागल्या. वर धक्क्यावर तातू एकटे उरले. त्यांनी हात जोडलेलेच होते. उरलेल्यांची नावं त्यांनी पुरी केली. दुजोरा द्यायला कुणी नव्हतं, म्हणून ते दर वाक्यानंतर तेवढा वेळ थांबत आणि मग पुढचं वाक्य घेत. शेवटी म्हणाले, "आणि ह्यो सबनीस. वर्सभर दुसऱ्यांका फिरवता. तेका एकदा घरात बसवन गरम गरम जेवूक घाल रे म्हाराजा."

सबनीस शेवटच्या होडीत चढायच्या बेतात, धक्क्याच्या पायऱ्यांवर होते. त्यांना ते ऐकू गेलं. ते थांबले, मग होडीत बसले आणि किल्ल्याकडे तोंड करून राहिले. त्या फेरीला त्यांनी पुन्हा शिट्टी वाजवली नाही, असं वसंता सांगतो.

काम मात्र वसंताकडेच गेलं. वसंता वाईट माणूस नव्हता. तो गाऱ्हाणं घालत नसे, पण होडी सुटताना घाईनं छातीला हात लावी. त्याचा जम बसला. पुढच्या वर्षी त्याच्या चार होड्या झाल्या. तातूंच्या गाळ्यात दिवसच्या दिवस कुणी येत नसे. ते कोट घालून बसत आणि समोरून जाणाऱ्या पर्यटकांकडे बघत. कधी वर मला हाक मारत, "पेपरवाले, तो बघा, पांढऱ्या टोपीचो. तेका घरात कायतरी काळजी आसा."

"कशावरून?"

"किल्लो बघून इलो आणि कोणाक सांगूक नाय, किल्लो केदो मोठो तो."

१९६५ च्या मे अखेरीस, पावसाळ्यासाठी बंदर बंद होण्याआधीच्या शेवटच्या स्टीमरनं तातू मुंबईला भास्करकडे राहायला निघाले. तिकीट त्यांनी स्वतःच लिहिलं. गाळा मालकाला परत दिला. जन्मभर माणसं मुंबईला पाठवली, पण स्वतः ते मुंबईला कधी गेले नव्हते. पडावातही, तपासणीपुरतं सोडलं तर, बसले नव्हते.

सकाळी धक्क्यावर बरीच माणसं जमली. वसंता त्यांची ट्रंक डोक्यावर घेऊन आला. तातू पडावात मधल्या फळीवर बसले. कोट होताच. पडाव भरला. मग सगळे थांबले. कशासाठी थांबलो आहोत हे लक्षात यायला थोडा वेळ लागला. गाऱ्हाणं घालणारा माणूस पडावात बसलेला होता.

"पावलू, तू घाल," कुणीतरी म्हणालं.

पावलूनं क्रूस काढला, हातात नारळ घेतला आणि खाकरला. "बा देवा म्हाराजा! ह्यो आमचो तातू."

"व्हय म्हाराजा!"

"मुंबैक जाता."

"व्हय म्हाराजा!"

"तेका..." पावलू थांबला. वसंताकडे वळून हळूच म्हणाला, "तेका काय होया रे?"

वसंतानं माझ्याकडे पाहिलं. मी त्यांच्या डोक्यावर सहा वर्षं राहत होतो. त्यांना काय हवं ते मला सांगता आलं नाही. खाणावळवाल्या बाई होत्या, आमटी देणारे शेजारी होते, फौजदार होते. कुणालाच सांगता आलं नाही. एकजण म्हणाला, "तब्येत?" दुसरा म्हणाला, "तब्येत बरी आसा तेंची."

"तातूनु," पावलू म्हणाला, "तुमीच सांगा. तुमका काय होया?"

"माझा कित्याक? पडाव सोड. स्टीमर थांबाची नाय."

"थांबात. ती इतकी वरसां थांबली तुमच्यासाठी. सांगा."

"अरे, सांगण्यासारख्या कायच नाय मेल्या."

"मगे मी पण सोडणंय नाय."

तातूंनी टोपी काढली, पुन्हा घातली. मग त्यांनी पावलूला जवळ बोलावलं. पावलू वाकला. तातू त्याच्या कानात बोलू लागले. ते बराच वेळ बोलले. मध्ये एकदा थांबले आणि पुन्हा बोलले.

पावलू सरळ उभा राहिला. नारळ त्यानं कपाळाला लावला.

"बा देवा म्हाराजा, तेणा जा काय सांगल्यान ता माका कळला. तुका पण कळला. ता कर."

"व्हय म्हाराजा!"

नारळ पाण्यात गेला आणि पडाव सुटला.

तातू मालवणला परत आले नाहीत. भास्करनं पुढं कळवलं की ते बरे आहेत आणि चाळीतल्या लोकांची चौकशी करत असतात. पावलू अजून होडी घालतो. त्या सकाळी तातू काय म्हणाले, हे मी त्याला दोनदा विचारलं. पहिल्यांदा तो म्हणाला, "ता छापूचा नाय." दुसऱ्यांदा त्यानं छातीवर क्रूस काढला आणि होडी सोडली.